समेवर सुटणारा तास

घंटा झाली तेव्हा आम्ही गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात होतो. तिसरी ‘ब’चा वर्ग, ४८ मुलं, चौथा तास. पेटीवर माझं बोट पंचमावर होतं, मुलांचा ‘आ’चा सूर नुकताच लागत होता, आणि व्हरांड्यात शिपाई मामांनी टोलावर पहिला ठोका दिला. दुसरा ठोका पडायच्या आत अर्धा वर्ग उभा. हातातले टाळ तिथंच फरशीवर पडले. कुणाच्या तरी पायाने डग्गा चुंबळीवरून लवंडला, मागून येणाऱ्याचा पाय थेट त्याच्यावर पडला आणि पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली. दारापाशी चपला शोधणाऱ्यांची आणि बाहेर पडणाऱ्यांची गर्दी झाली, त्यात एका मुलाचा ओठ चौकटीवर आपटून फुटला. मी पेटी सोडून धावले. त्याच्या ओठावर ओला रुमाल धरून बसले तेव्हा समोर रिकामी खोली होती, आडवे-तिडवे पडलेले टाळ होते, आणि एक मुलगा. भिंतीला पाठ लावून, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून तो बसलेला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओठ दोन दिवसांत बरा झाला, पुडी बदलून यायला आठवडा लागला. ते सगळं निभावलं. पण १५ वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या प्राथमिक शाळेत गाणं शिकवते, आणि एवढ्या वर्षांत माझा एकही तास मी संपवलेला नाही, तो फक्त तुटत आलाय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. सुरुवात कशी करायची ते मी ठरवून जायचे. स्वरसाधना, मग ओळख, मग गाणं, टाचणवहीत सगळं लिहिलेलं. शेवटासाठी मात्र वहीत एक ओळही नसायची. शेवट मामांच्या हातात.

उपाय केले नव्हते असं नाही. आरडाओरडा करून पाहिला होता. गाणाऱ्या माणसाने असा गळा फोडून घेऊ नये, माझा आवाज महिनाभर बसला. ‘पाच, चार, तीन, दोन, एक’ अशी उलटी मोजणी केली, तर मुलांना ती शर्यतीची मोजणी वाटली आणि ‘एक’ म्हणताच ती सुसाट सुटली. मी टाळ्यांचा एक तुकडा वाजवायचा आणि मुलांनी तो परत वाजवून दाखवायचा, हे मात्र छान चाललं. वर्ग शांत करायला तो उपाय मी आजही वापरते. पण तो लक्ष खेचून घेण्याचा उपाय आहे, निरोप घेण्याचा नाही. टाळी दिली की मुलं ताठ होतात, टवटवीत होतात, आणि टवटवीत झालेली ४८ मुलं दारातून बाहेर सोडणं म्हणजे काय ते प्राथमिकच्या कुठल्याही बाईंना विचारा. मग मी निरोपाचं एक गाणं बसवलं. मुलांना ते इतकं आवडलं की ती ते गातच व्हरांड्यातून गेली, शेजारी चौथीची गणिताची चाचणी चालू असताना. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं बरोबरच होतं.

फुटलेल्या ओठानंतर मी एक आठवडा काहीच बदललं नाही. फक्त घड्याळ लावून पाहत बसले. घंटेपासून शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत सहा ते सात मिनिटं जात होती. ३५ मिनिटांच्या तासिकेतली सात मिनिटं, आणि तीसुद्धा पुढच्या बाईंच्या तासातली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलं का पळतात ते मला पहिल्यांदा कळलं. मी इतकी वर्षं त्याला दंगा म्हणत आले होते. निम्मी मुलं नळाकडे पळत होती. अर्धा तास गायल्यावर घसा कोरडा पडतो, आणि सोलापुरात मार्चपासून तर दहा मिनिटांतच कोरडा पडतो. काहींना लघवीला जायचं असायचं. काही जण चपलांसाठी पळायचे, कारण मागे राहिलं की आपली चप्पल कुणीतरी लाथेने कोपऱ्यात उडवलेली असते. उरलेली मुलं पळत होती कारण बाकीची पळत होती.

तहानेचा प्रश्न सगळ्यात सोपा निघाला. तासाच्या मध्यावर, दोन गाण्यांच्या मधे, एकेक घोट पाणी. बाटल्या खोलीत आणायची मुभा दिली. चपला बाहेर ढिगात न काढता रांगेप्रमाणे जोडीने, टाचा भिंतीला लावून काढायच्या. एवढ्यावरच दारातली निम्मी गर्दी ओसरली. इतकं साधं काम करायला मला १५ वर्षं लागावीत याचं वाईट वाटतं.

पण खरी अडचण घंटेचीच होती, आणि तिचं उत्तर मला घरात सापडलं. माझे वडील मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची ‘जुनी मिल’, तिचा भोंगा गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा म्हणतात. वडील सांगायचे, भोंगा कधी एकदाच व्हायचा नाही. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला डबा घेऊन उंबरा ओलांडायचा, तिसऱ्याला फाटकाच्या आत. ‘एकच भोंगा झाला असता तर निम्मं गाव धावत सुटलं असतं,’ असं ते म्हणायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या वर्गात मात्र एकच भोंगा होता, आणि निम्मं गाव धावत सुटत होतं.

कानांवर हात ठेवून बसणाऱ्या त्या मुलाच्या आईशी बोलले तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने समोर आली. ती विड्या वळते. कारखान्यात विड्या देऊन परतताना शाळेत आली होती, पदराला तंबाखूचा वास होता. म्हणाली, “घरी पण तसंच करतंय बाई. टीव्ही एकदम बंद केला की रडून गोंधळ. आधी दोनदा सांगितलं की मग आपणच उठून बंद करतो.” आधी दोनदा सांगायचं. म्हणजे तिच्या घरीही तीन भोंगे होते.

मी एक पाटी आणली, जुनी दगडी पाटी. एका बाजूला पांढऱ्या रंगाने एक वर्तुळ काढलं, दुसऱ्या बाजूला दोन. तास संपायला दहा मिनिटं राहिली की एक वर्तुळ दिसेल अशी पाटी उभी करायची, म्हणजे आता शेवटचं गाणं. पाच मिनिटं राहिली की ती उलटून दोन वर्तुळं, म्हणजे आता आवरायचं. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. पाटी उलटायचं काम मी त्या मुलाला दिलं. भिंतीवरच्या घड्याळात काटा कुठे आला की उठायचं ते त्याला दाखवलं. पहिल्या दिवशी तो अख्खा तास घड्याळाकडेच बघत बसला, एक शब्द गायला नाही. दुसऱ्या आठवड्यात गाता गाता बघायला लागला. आणि टोल पडला तरी त्याचे हात कानांकडे गेले नाहीत, कारण टोल येणार हे वर्गात सगळ्यांच्या आधी त्याला माहीत होतं.

आता शेवटचं गाणं संपवायचं कसं? इथं मला माझ्या गुरुजींची शिकवणी उपयोगी पडली. तबल्यात तिहाई असते. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. मैफलीत तिहाई नीट समेवर आली की ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली येते, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मुलांची बहुतेक गाणी केरव्यात असतात, आठ मात्रांचा ठेका. मी सगळ्यात सोपी तिहाई घेतली: ‘ति ट धा, ति ट धा, ति ट धा’. दर मात्रेला एक बोल, एकूण नऊ. समेपासून सुरू केली की आठ मात्रांचं आवर्तन भरतं आणि नववा बोल, तो शेवटचा ‘धा’, पुढच्या समेवर पडतो. टाळ असेल त्याने टाळावर, नसेल त्याने मांडीवर वाजवायची. शेवटच्या ‘धा’ला हात जिथे असेल तिथेच थांबवायचा आणि टाळाचा नाद विरेपर्यंत श्वाससुद्धा हळू.

मुलांना हे कोडं वाटलं आणि ती त्यावर तुटून पडली. पहिल्या दिवशी शेवटचे ‘धा’ पावसाच्या सरीसारखे आले. आठवडाभराने दोन-तीनच मागे राहिले. ज्यांच्या घरात यंत्रमाग आहे त्या पोरांची लय आधीच पक्की असते; दिवसरात्र खटक-खट, खटक-खट ऐकत ती वाढलेली असतात. त्यांनाच मी रांगांच्या मधे बसवलं आणि बाकीची मुलं त्यांच्या आधाराने समेवर यायला लागली. तिहाईची एक मोठी सोय अशी की ती तीनदा येते. ज्याचं पहिल्या वेळी लक्ष नव्हतं त्याला दुसऱ्यांदा कळतं, आणि तिसऱ्यांदा तो सगळ्यांबरोबर असतो. कुणीही एकटा मागे पडत नाही. आणि शेवटच्या ‘धा’नंतर जी शांतता पडते ती मी ओरडून कधीच मिळवली नव्हती. ती मुलांनी स्वतः वाजवून मिळवलेली असते, म्हणून ती मोडायला त्यांचं मन होत नाही.

नंतर टाळ गोळा करायचे. टाळ टोपलीत टाकले की खणखणाट, तो झाला की शांतता गेली. टोपलीत कागद घातले, पोतं घातलं, काही उपयोग नाही. एका पालकांकडे चादरीचे माग आहेत. विणताना काठ चुकलेली, विक्रीला न जाणारी एक चादर त्यांनी दिली. लाल-काळी, मोरांची नक्षी. ती चार घड्या करून फरशीवर अंथरली की तिच्यावर ठेवलेल्या टाळाचा आवाज होत नाही. पण अट अशी की टाळ दोरीला धरून आणायचा, दोन्ही वाट्या एकमेकींना लागू न देता, आणि पालथा ठेवायचा. एकेका मुलाने यायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसरीतली एक मुलगी, एरवी जिला एका जागी दोन मिनिटं बसवत नाही ती, दोन हातांत दोन वाट्या धरून अशी आली जशी काही काठोकाठ भरलेली दुधाची वाटी घेऊन चाललीय. गुडघे टेकले, एक वाटी ठेवली, मग दुसरी. मग चादरीला कान लावून ऐकलं. काहीच वाजलं नव्हतं. तिने वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

‘हळू’ म्हणायला मी तिचाच शब्द घेतला, ‘मेल्लगा’. आमच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, चारही घरांतली मुलं असतात. तेलुगूत ‘मेल्लगा’, कन्नडमध्ये ‘मेल्लगे’, दखनी बोलणारी मुलं ‘आहिस्ता’ म्हणतात. ‘मेल्लगा’ हा शब्द जोरात म्हणताच येत नाही, म्हणून पाहा. आता मराठी घरातली मुलंही एकमेकांना ‘मेल्लगा रे, मेल्लगा’ म्हणतात.

टाळ ठेवले जात असताना बाकीच्यांनी काय करायचं हा प्रश्न होताच. रिकामं बसवलं की कुजबुज सुरू. मैफलीत शेवटी भैरवी गातात. भैरवी सुरू झाली की आता उठायचंय हे रसिकांना कळतं, पण भैरवी चालू असताना कुणी उठत नाही. मी पेटीवर भैरवीचे स्वर धरायला लागले, रिषभ, गंधार, धैवत, निषाद कोमल, अगदी सावकाश, आणि मुलांनी ओठ मिटून गुणगुणायचं. शब्द नाहीत. शब्द आले की उत्साह येतो, हे निरोपाच्या गाण्याने मला शिकवलं होतं. मिटलेल्या ओठांनी माणूस मोठ्याने गाऊ शकत नाही आणि शेजाऱ्याशी बोलूही शकत नाही.

मग उठणं. ४८ मुलांच्या पाच रांगा केल्या आणि रांगांना भूप रागाचे पाच स्वर दिले: सा, रे, ग, प, ध. भैरवीनंतर भूप हे कुठल्या बैठकीत चालणार नाही, पण मुलांच्या कानाला शुद्ध स्वर आधी ओळखता यायला हवेत, म्हणून मी ते पत्करलं. मी पेटीवर एक स्वर वाजवते. ज्या रांगेचा तो स्वर, तिने उठायचं, चपला घालायच्या आणि व्हरांड्यात भिंतीला धरून उभं राहायचं. मग पुढचा स्वर. पहिले पंधरा दिवस मी तोंडाने नावही सांगत होते. नंतर फक्त पेटी. ‘सा’ आणि ‘प’ची मुलं लगेच तयार झाली. ‘रे’ आणि ‘ग’ यांची गडबड दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालली. ‘ग’ वाजला की दोन्ही रांगा अर्धवट उठायच्या, एकमेकींकडे बघायच्या, आणि मग कुणीतरी हलक्या आवाजात ‘सा रे ग’ म्हणून पडताळून पाहायचं. ते बघताना मला वाटायचं, स्वरओळखीचा तास मी वेगळा कशाला घेत होते? घरी जायची घाई असताना मूल जेवढं कान देऊन ऐकतं तेवढं दुसऱ्या कशाला ऐकत नाही.

‘ध’च्या रांगेची मुलं एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाई, आम्ही रोज शेवटी की वो.” खरं होतं. तेव्हापासून मी स्वर उलटसुलट वाजवते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पहिलीच्या मुलांना तिहाई झेपली नाही. त्यांच्याकडून मी फक्त तीन टाळ्या घेते आणि त्यांना पाटीऐवजी बोटं दाखवते. पुढचा तास खेळाचा असेल त्या दिवशी भैरवी लागतच नाही, मुलांचे पाय मैदानात पोहोचलेले असतात. आता अशा दिवशी मी वादनाचा भाग तासाच्या सुरुवातीलाच घेते आणि शेवटी बराच वेळ फक्त ऐकायला देते. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत तर वेगळीच तऱ्हा. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, हलगीचा आवाज मुलांच्या अंगात भिनलेला असतो. जे हाताला लागेल त्यावर हलगी वाजते. पहिल्या वर्षी मी ती दाबायला गेले आणि तासाच्या शेवटी तीच दुप्पट होऊन बाहेर आली. पुढच्या वर्षी तास हलगीनेच सुरू केला. दहा मिनिटं मनसोक्त, दप्तरांवर, पाट्यांवर, मांड्यांवर. मग लय उतरवत आणली. चढवायला एक मिनिट पुरतं, उतरवायला दहा लागतात, आणि शेवटच्या घटकेला ती उतरवता येत नाही. माझी मोठी चूक हीच होती. सगळ्यात जोरकस गाणं मी शेवटी ठेवत असे, मुलं खूश होऊन जावीत म्हणून.

शनिवारची सकाळची शाळा आणि उन्हाळ्यातला शेवटचा तास अजूनही मला जमलेला नाही. बाहेर रिक्षावाले काका हॉर्न देत असतात, दप्तरं पाठीला असतात, खोली तापलेली असते. त्या तासाला मी गाणं सात मिनिटं आधीच थांबवते, पंखा चालू ठेवते आणि रांगा पंख्याखाली बसवून सोडते. तिहाई होते, भैरवी बहुधा राहून जाते. नळाच्या वेळी आलेल्या पाण्यासारखं, जेवढं मिळतं तेवढं भरून घ्यायचं.

एक दिवस मामा टोलाची दांडी हातात घेऊन दारात थांबले. मुलं व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती, आतून ‘प’ वाजला होता आणि चौथी रांग चपला घालत होती. “बाई, घंटा द्यायची हाय अजून,” मामा म्हणाले, “आणि तुमची पोरं आधीच उठून उभी हायत की.” मी म्हटलं, द्या मामा. त्यांनी टोल दिला. एकाही मुलाने मान वळवली नाही.

आत तो पाटीवाला मुलगा आणि ‘ध’च्या रांगेतली एक मुलगी चादरीची घडी घालत होती. टाळ टोपलीत गेले होते. चादर मोठी, मुलं लहान. दोघांनी दोन-दोन टोकं धरली, ताणली, आणि टोकाला टोक मिळवायला एकमेकांकडे चालत आली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे. मुलगी पुटपुटत होती, मेल्लगा, मेल्लगा. तिसऱ्या घडीला त्याने सगळी टोकं आपल्या हातात घेतली, चादर टोपलीवर ठेवली, हाताने सारखी केली, आणि पाटी उलटून एक वर्तुळ वर येईल अशी उद्याच्या वर्गासाठी आडवी करून ठेवली.